बाकी सात

पाचवीच्या वर्गात, मुलांच्या खुर्च्यांवर
आम्ही मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसलोय.
बाहेर मिनेसोटातला बर्फ, आत हीटरची घरघर,
माझ्या बोटांना टर्कीच्या चरबीचा वास.
कारखान्यातून निघताना तीनदा हात धुतले, जात नाही.
एह पॉने आणलेल्या कागदावर लिहिलं होतं :
तुमचं मूल काय शिकतं, ते समजून घ्यायला या.
खाली, जरा मोठ्या अक्षरात : पिझ्झा मिळेल.

हाउगेनबाई हळू बोलतात, आमच्यासाठी आणखी हळू,
इतक्या हळू की वाक्याचं शेपूट त्यांनाच सापडत नाही.
म्हणतात, आत्तापर्यंत विचारत होतो, उत्तर काय.
आता विचारतो, कशावरून.
दुभाषी पोरगी त्या एका शब्दाशी अडते,
आमच्या कारेन बोलीत तीन वेगळे शब्द घालून बघते.
मला पहिल्यातच कळलेलं असतं.
छावणीत दर मुलाखतीला साहेब तेच विचारायचा.

मग अपूर्णांकांच्या रंगीत पट्ट्या.
पाव, अर्धा, पाऊण.
पाऊण मला ठाऊक आहे, बाई.
पट्ट्यावर पाऊण सेकंद उशीर झाला
की मुकादम चार भाषांत ओरडतो.
हे मी बोलत नाही. पट्टी बघतो, पुढे देतो.

मग भागाकार.
सहलीला सत्त्याण्णव मुलं, एका बसमध्ये तीस.
बस किती लागतील?
शेजारचा एवारिस्तो, छपरं शाकारणारा,
हवेत बोटानं आकडे मांडतो : तीन. बाकी सात.
मीही तेच मांडलेलं असतं,
खाली दोन रेघा ओढून, बांबूच्या शाळेत शिकवल्यासारखं.
सात काय? बाई विचारतात.
सात... मुलं.
मग ती कुठे बसणार?
सगळे हसतात, एवारिस्तो सगळ्यांत मोठ्यानं.

बाई म्हणतात, रिबन उरली तर तुकडा सोडून देऊ.
वड्या उरल्या तर मोडून वाटू.
बाकी कशाची आहे ते आधी बघायचं,
नुसती लिहून उठायचं नाही.
कुणीतरी पिझ्झ्याचं खोकं उघडतं.

नदीकाठी आम्ही चाळीस होतो.
होडीत अकरा मावायचे, पलीकडचा काठ धुक्यात.
नावाडी म्हणाला, उजाडायच्या आत जेवढं होईल तेवढं.
मी नऊ वर्षांचा, पाढे तोंडपाठ,
मोठ्यांना बोटं मोजायला लागायची, मला नाही.
मीच सांगितलं : तीन फेऱ्या, बाकी सात.
धाकटे काका म्हणाले, शाब्बास.
ते सातांत होते.

उत्तर बरोबर होतं.

घरी आलो तर एह पॉ जागी.
माझी खुर्ची कुठली होती, विचारते,
खिडकीजवळची नव्हती हे ऐकून नाराज होते.
वही पुढे सरकवते : पन्नास अंडी, एका खोक्यात बारा.
तिनं पाच लिहिलंय.
खालच्या तीन ओळी, जिथे कारण लिहायचं,
त्यांतली एकच भरलीय :
शेवटच्या खोक्यात दोनच, पण ती फुटायला नकोत.
मी ती ओळ वाचतो.
पुन्हा वाचतो.
चुकलं का, पा?
नाही.
मग असा काय बघतोस?

पानाच्या तळाशी पालकांसाठी एक चौकट :
आज किती मिनिटं मदत केली?
मी पेन्सिल धरून बसतो.
दहा लिही, ती जांभई देत म्हणते,
सगळ्यांचे आईबाबा दहाच लिहितात.